विचारून गेलात की गेलात

आमच्या घराकडे येणारी वाट बारा फुटांची आहे, असं नकाशा म्हणतो. टेप म्हणते सात फूट दोन इंच. आणि शेजाऱ्याची पांढरी गाडी उभी असली, म्हणजे रात्री आठपासून सकाळी दहापर्यंत आणि रविवारी अख्खा दिवस, की उरतो दीड फूट. दीड फुटातून माणूस जातो, जरा आडवा होऊन. गॅसचा सिलिंडर जात नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालेली माझी आई वाटेच्या तोंडाशी रिक्षातून उतरते आणि काठी टेकत घरापर्यंत येते. गाडीपाशी पोचली की तोल सांभाळायला तिच्या आरशाला धरते. त्याबद्दल शेजाऱ्याने तक्रार केली आहे. आरसा ढिला होतो म्हणे.

पाच फूट एका रात्रीत गेले असते, तर मी अख्खं खानवेल गोळा केलं असतं. पण ते गेले अठरा वर्षांत, आणि प्रत्येक वेळी मी तिथे हजर होतो.

आधी दगड आले. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत नसेल तर सांगतो, जुलैत साकरतोड नदी पुलाशी बोलायला येते. पागोळ्यांनी भिंतीचा पाया उघडा पडतो म्हणून शेजाऱ्याने भिंतीलगत वाटेत दगडांची ओळ लावली. कोण नाही म्हणेल? दगड हलू लागले म्हणून त्यांवर सिमेंट आलं. सिमेंटवर तुळस आली. तुळशीला हात लावणारा मी कोण? तुळशीच्या दोन बाजूंना ओटा आला, कारण त्याच्या वडिलांना संध्याकाळी बसायला जागा हवी होती, आणि म्हाताऱ्या माणसाला बसू नका असं सांगण्याची आमच्या घराण्यात पद्धत नाही. वडिलांना ऊन लागतं म्हणून पत्रा आला. पत्र्याला पन्हळ आली, आणि पन्हळीचं तोंड माझ्या भिंतीकडे वळलं. वडील गेले. ओटा राहिला. मग गाडी आली, गाडीला उतार लागतो म्हणून ओटा फोडून रॅम्प झाला, आणि फोडलेला ओटा मागे न सरकता पुढे सरकला. शेवटी फाटक बसलं. लोखंडी, दोन पाखांचं, आणि बाहेरच्या बाजूला उघडणारं. स्वतःच्या अंगणात फाटक उघडायला त्याच्याकडे जागा नाही. अंगणात पेव्हर ब्लॉकवर कारंजं आहे.

अतिक्रमण करणारा दांडगट असतो, हा गैरसमज आहे. दांडगटाशी भांडता येतं. अतिक्रमण करणारा देवाला, म्हाताऱ्याला नाहीतर गटाराला पुढे करून येतो, आणि येताना हसतो. त्याचं भांडवल सिमेंट नसतंच. तुमची भीड हे त्याचं भांडवल असतं. भीड भिकेची बहीण, हे मी चौतीस वर्षं वर्गात वाक्प्रचार आणि म्हणींच्या तासाला शिकवलं. मुलांना वाक्यात उपयोग करायला लावला. स्वतः मात्र कधी केला नाही.

त्यानंतरच्या काळात माझं आयुष्य एका वाक्यावर चाललं. मी फाटकाशी उभा राहून म्हणायचो, "जरा गाडी काढता का?" आणि आतून उत्तर यायचं, "हो काका, पाच मिनिटं." आमच्या गल्लीत मराठी, गुजराती, हिंदी आणि वारली अशा चार भाषांत भांडणं होतात. पण "पाच मिनिटं" चारही भाषांत एकाच अर्थाने कळतं. त्याचा घड्याळाशी संबंध नसतो. त्याचा अर्थ असा की वाट माझी आहे आणि तुम्हाला ती मिळेल, माझा चहा झाल्यावर.

गेल्या होळीनंतर मात्र पाहुण्याचा टेम्पो सव्वा तास तोंडाशी अडकला आणि मी आवाज चढवला. गल्लीतली चार शहाणी माणसं जमली. शेजाऱ्याने हात जोडले. तो नेहमी हात जोडतो. म्हणाला, "काकांना मी कधी अडवलंय का? ते विचारतात, मी काढतो. इतकी वर्षं चाललंय." चौघांनी माना हलवल्या. खरं सांगतो, मीसुद्धा हलवली. म्हटलं, सभ्य माणूस आहे, कबूल तरी करतोय.

रात्री झोप लागेना, तेव्हा लक्षात आलं की त्याने काय केलं ते. ती दिलगिरी नव्हतीच, ती त्याची कैफियत होती. काका विचारतात. मी काढतो. म्हणजे वाट माझी, आणि काका जातात ते माझ्या परवानगीने. पुरावा? काकांचं स्वतःचं तोंड, रोज दोनदा, अनेक वर्षं, साक्षीदारांसमक्ष.

हाच मुद्दा मी पूर्वी कुठेतरी वाचला होता. कुठे, ते उठून बसल्यावर आठवलं. आमच्याच मुलुखाच्या खटल्यात. तो हेगला चालला होता.

दादरा आणि नगर हवेलीचा स्वातंत्र्यलढा सगळ्यांना थोडाफार ठाऊक असतो. २२ जुलै १९५४ च्या सुमारास दादरा, त्याच महिन्याच्या अखेरीस नरोली, २ ऑगस्टला सिल्वासा. सिल्वासा सोडून कॅप्टन फिदाल्गोची पोर्तुगीज पोलिसांची तुकडी आमच्या खानवेलच्या दिशेने हटली आणि ११ ऑगस्टला तिने शस्त्रं खाली ठेवली. सुधीर फडके त्या लढ्यात होते, हे तर प्रत्येक मराठी माणूस छाती काढून सांगतो, जणू तो स्वतःच त्यांच्या मागे चालत होता. पण या सगळ्याच्या पोटातला वाद वाटेचा होता, हे फार कोणी सांगत नाही. समुद्रावरचं दमण पोर्तुगिजांचं. आतलं दादरा आणि नगर हवेली पोर्तुगिजांचं. मधली जमीन भारताची. म्हणजे पोर्तुगालकडे रस्त्याला न लागलेला मागचा प्लॉट होता आणि पुढच्या प्लॉटवाल्याने फाटक लावलं. जगाच्या न्यायालयात त्याचं नावच मुळी 'भारतीय प्रदेशावरून जाण्यायेण्याच्या हक्काचा खटला' असं पडलं. आमच्या गल्लीतलं भांडण आणि हे भांडण यांत फरक एवढाच की तिथे वकिलांचे झगे लांब होते.

मागचा प्लॉट मुळात त्यांच्याकडे आला कसा, तेही बघा, कारण ते आपल्याच पेशव्यांचं कर्तृत्व. मराठ्यांच्या आरमाराने पोर्तुगिजांचं एक जहाज धरलं. पुढे १७७९ च्या तहात नुकसानभरपाई म्हणून वर्षाला बारा हजार रुपये उत्पन्नाची गावं लावून द्यायचं ठरलं. १७८३ मध्ये नगर हवेली आणि १७८५ मध्ये दादरा त्यांच्या हाती गेलं. हेगच्या न्यायाधीशांनी त्या तहाचा मजकूर तपासून सांगितलं की हा नुसता सरंजाम, महसुलाचा हक्क होता. मराठ्यांनी सार्वभौमत्व दिलेलं नव्हतं. मग सार्वभौमत्व आलं कुठून? १८१८ ला मराठे गेले, इंग्रज आले, आणि पोर्तुगीज मालकासारखे वागताहेत हे पाहून इंग्रजांनी ते चालवून घेतलं. बस. महसूल गोळा करायला आलेला माणूस मालक झाला, कारण पुढच्या शेजाऱ्याने हरकत घेतली नाही. माझ्या शेजाऱ्याच्या दगडांच्या ओळीचा इतिहास याहून वेगळा नाही. फक्त तिथे पागोळ्यांऐवजी जहाज होतं.

पोर्तुगालने हेगला दावा दाखल केला २२ डिसेंबर १९५५ रोजी. न्यायालयाचं अधिकारक्षेत्र मान्य असल्याची घोषणा त्याने तीनच दिवस आधी केली होती. म्हणजे सोसायटीचा सभासद झाला सोमवारी, आणि गुरुवारी शेजाऱ्यावर दावा. भारताच्या बाजूने मोतीलाल सेटलवाड उभे राहिले. न्यायाधीशांच्या बाकावर भारताने नेमलेले म्हणून आपले मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती छगला बसले. आधी प्राथमिक हरकतींवर १९५७ मध्ये निकाल, मग मूळ वादावर १२ एप्रिल १९६० रोजी. आणि तो निकाल प्रत्येक गल्लीतल्या प्रत्येक काकाने पाठ करावा असा आहे.

न्यायालयाने एका हक्काचे दोन तुकडे केले. पहिला तुकडा: साधी माणसं, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल. ही ये-जा इंग्रजांच्या काळात आणि नंतरही, सव्वाशे वर्षं, सारखी आणि एकाच पद्धतीने चालू होती. नियमन होतं, जकात होती, तपासणी होती, पण दर वेळी वेगळी परवानगी काढावी लागत नव्हती. भारताचं म्हणणं असं होतं की हे सगळं सवलतीपोटी चालत आलं. अकरा विरुद्ध चार मतांनी न्यायालय म्हणालं, नाही. इतकी वर्षं न विचारता चाललं, दोघांनी धरून चाललं, म्हणून तो दोघांमधला रिवाज झाला, आणि १९५४ साली तो हक्क होता.

दुसरा तुकडा: सैन्य, सशस्त्र पोलीस, शस्त्रं आणि दारूगोळा. तेही याच वाटेने जात होते. याच सव्वाशे वर्षांत. पण ते जाताना विचारावं लागत होतं. १८७८ च्या तहात तर तसं लिहूनच ठेवलं होतं. विचारल्यावर इंग्रज हो म्हणत. बहुतेक वेळा म्हणतच. पण विचारलं, हे महत्त्वाचं. आठ विरुद्ध सात मतांनी न्यायालयाने सांगितलं, हक्क नाही. ज्याला परवानगी लागते त्याला हक्क म्हणत नाहीत.

तीच वाट आणि तीच वर्षं. न विचारता गेलेल्या बैलगाडीने हक्क मिळवला, आणि अर्ज करून गेलेल्या शिपायाने तो घालवला.

(तिसरा भागही सांगून टाकतो, नाहीतर कोणी म्हणेल मास्तरांनी अर्धाच धडा घेतला. पहिला हक्क असूनही भारताने तो मोडलेला नाही असं नऊ विरुद्ध सहा मतांनी ठरलं. दादरा पडल्यावर हद्दीवर जे वातावरण झालं होतं त्यात ये-जा थांबवणं हा नियमनाचाच भाग होता. म्हणजे पोर्तुगाल हक्काच्या मुद्द्यावर अर्धं जिंकलं आणि हातात काहीच आलं नाही. वाटेचे बहुतेक खटले असेच जिंकले जातात. पुढच्या वर्षी, ११ ऑगस्ट १९६१ ला, हा प्रदेश भारतात आला आणि डिसेंबरात दमणही गेलं, तेव्हा पुढचा प्लॉट, मागचा प्लॉट आणि मधली वाट सगळंच एकाच्या नावावर झालं. असा सुखान्त आमच्या गल्लीत शक्य नाही.)

हेगचं सोडा, असं म्हणाल. आपल्या देशातला कायदाही तेच म्हणतो. सुविधाधिकाराचा १८८२ चा कायदा घ्या की मुदतीचा १९६३ चा, वहिवाटीने वाटेचा हक्क मिळवायचा तर वीस वर्षं वापर लागतो. तो शांततेने हवा, उघडपणे हवा, खंड न पडता हवा, आणि हक्क म्हणून हवा. जमीन सरकारी असेल तर तीस वर्षं. यातला 'हक्क म्हणून' हा शब्द सभ्य माणसाच्या गळ्याला फास आहे. चोरून गेलात तर हक्क नाही. मारामारी करून गेलात तर नाही. आणि "जाऊ का हो?" असं विचारून गेलात, तरी नाही. शेजारधर्म म्हणून जे दिलं-घेतलं जातं, त्याला कायदा सवलत म्हणतो, आणि सवलत देणाऱ्याचं मन फिरलं की संपते.

याच कायद्यात आणखी एक कलम आहे, त्याकडे माझ्यासारख्यांनी डोळे फाडून बघावं. वाटेत अडथळा झाला म्हणजे लगेच हक्क जात नाही. पण अडथळा झाला हे कळल्यावर, कोणी केला हे कळल्यावर, तुम्ही वर्षभर तो निमूट सोसलात तर मात्र तो खरा खंड धरला जातो. एक वर्ष. कायद्याने भिडेला एक वर्षाची मुदत दिली आहे. मी अठरा वर्षं घेतली.

सीमेपलीकडे, उधव्याच्या पुढे तलासरीत, महाराष्ट्राचा कायदा चालतो. तिथे शेताच्या वाटा अडवल्या तर १९०६ च्या मामलेदार न्यायालयाच्या कायद्याखाली तहसीलदाराकडे जाता येतं, पण सहा महिन्यांच्या आत. तिथेही रडकथा तीच आहे. शेतकरी पहिला हंगाम म्हणतो, जाऊ दे, भाऊबंद आहे. दुसऱ्या हंगामाला बांध नांगरला जातो. तिसऱ्याला बैल वळवायला जागा नसते आणि मुदत केव्हाच उलटलेली असते. महाराष्ट्रात वाटेवरून जितकी डोकी फुटली आहेत, त्यांतली बहुतेक डोकी आधी दहा वर्षं "जाऊ दे" म्हणत होती.

तर मी कागद घेऊन निघालो. एका कचेरीत गेलो. कोणती, ते सांगत नाही, कारण सगळ्याच तशा असतात आणि एकीची बदनामी करणं हा बाकीच्यांवर अन्याय आहे. पहिल्या टेबलाने विचारलं, वाट सार्वजनिक की खासगी? मी म्हटलं, नकाशात तुटक रेघ आहे, मालक म्हणून कोणाचं नाव नाही. टेबल म्हणालं, मग सार्वजनिक असल्याचा दाखला आणा. दाखला देणारं टेबल म्हणालं, हा खासगी वाद दिसतो, कोर्टात जा. तिथून बाहेर पडताना शिपायाने हळूच सांगितलं, "साहेब, तुम्ही कशाला पडता यात? त्यांच्याशी गोड बोलून घ्या." त्याचं चुकलं नाही. तो मला फुकट सल्ला देत होता, आणि फुकट सल्ला नेहमी जो दाबला जातोय त्यालाच मिळतो. गाडीवाल्याला कोणी म्हणत नाही, की बाबा, तू जरा गोड वाग.

मग मोजणी. सरकारी मोजणीला वेळ लागेल म्हणून खासगी मोजणीदार आणला. दोन माणसं, एक तिपाई, एक यंत्र. शेजारी गच्चीवर उभा राहून बघत होता, चहाचा कप हातात. मी मुद्दाम मोठ्याने बोलत होतो. अर्ध्या तासाने मोजणीदाराने मला बाजूला घेतलं आणि आवाज खाली आणला. डॉक्टर आवाज खाली आणतात तसा.

"सर, तुमचं कंपाउंडही नऊ इंच वाटेत आहे."

नऊ इंच. विटेची एक लांबी. १९९८ मध्ये मी कुड काढून भिंत घातली, तेव्हा गवंड्याने दोरी जरा बाहेर धरली होती. मी पाहिलं होतं. मनात म्हटलं होतं, असू दे, बारा फुटांची तर वाट आहे.

हे लिहिताना माझ्या बाजूने एवढंच सांगता येतं की नऊ इंच आणि चार फूट यांत फरक असतो. शेजारीही हेच म्हणेल, फक्त आकडे उलटे करून. आणि हो, माझ्या नऊ इंचांवरही एक कुंडी आहे. तुळशीचीच.

पण इथवर सांगून थांबलो असतो तर बरं झालं असतं. मोजणीदाराने आपलं काम म्हणून आणखी एक तुटक रेघ दाखवली. ती गल्लीतून येत नव्हती. पाड्याकडून येत होती, माझ्या मागच्या परसातून, शेवग्याच्या बुंध्याजवळून, थेट नदीकडे जात होती. "ही पायवाट अजून चालू आहे का?" त्याने विचारलं.

नाही. ती मी बंद केली.

माझे वडील साठच्या दशकात डहाणूहून इथे शिक्षक म्हणून आले, तेव्हा ही पायवाट होती. त्यांच्याआधी होती. पोर्तुगिजांनी अलवाऱ्याने जमिनी वाटल्या त्याच्याआधी होती, आणि माझी खात्री आहे, पेशव्यांनी बारा हजारांचा सरंजाम लिहून दिला त्याच्याही आधी होती. वारली आणि कोकणा बायका त्या वाटेने पाण्याला, धुण्याला, मोळीला जात. मोहाच्या दिवसांत टोपल्या घेऊन पोरं जात. कोणी कोणाला विचारत नसे. विचारायचं असतं, हेच त्यांना ठाऊक नव्हतं. हेगच्या भाषेत सांगायचं तर सारखी आणि एकाच पद्धतीची वहिवाट, सव्वाशे वर्षांच्या कितीतरी पलीकडची.

मी जाळी घातली. कारण होतं, कारण नेहमीच असतं. सायकल चोरीला गेली होती. शेवग्याच्या शेंगा जात होत्या. जाळीत एक फट ठेवली, कारण मी वाईट माणूस नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मोळीवाली एक म्हातारी फटीपाशी थांबली. इतकी वर्षं ती कधी थांबली नव्हती. म्हणाली, "मास्तर, जाऊ का?"

मी म्हटलं, "जा की आजी, त्यात विचारायचं काय!"

त्या वेळी मला स्वतःचा फार मोठेपणा वाटला होता. तिने विचारलं, मी हो म्हटलं, आणि त्या एका सकाळी जाळीच्या फटीत तिच्या सात पिढ्यांचा हक्क माझी मेहरबानी झाला. चार वर्षांनी मी फट बंद केली. कोणी भांडायला आलं नाही. परवानगी दिलेल्याने परवानगी काढून घेतली, एवढंच झालं. आता त्या बायका पुलाकडून वळसा घालून जातात. किती लांब पडतं ते मी मोजलेलं नाही. मोजणीदाराने विचारलं होतं, मोजू का? मी त्याला दुसरीकडे नेलं.

एकटा मीच नाही, हे म्हणायची सोय आहे, आणि ते खरंही आहे. सिल्वासाकडून खानवेलला या, पुढे दुधनीपर्यंत जा. दुतर्फा झाडं, डोंगर, पाणी. पर्यटक काच खाली करून फोटो काढतात. त्या फोटोंत जाळ्या येत नाहीत. नदीकाठाला जिथे जिथे प्लॉट पडला तिथे तिथे तारेचं कुंपण आणि 'खासगी मालमत्ता' असा फलक. ज्यांच्या पायाखाली ती वाट तयार झाली, त्यांच्यातल्या पुष्कळांना फलक वाचता येतो, कारण आम्हीच शाळेत वाचायला शिकवलं. दोन गाडीवाल्यांचं भांडण गल्लीभर ऐकू येतं. कचेऱ्यांत जातं, वर्तमानपत्रात येतं, त्यावर माझ्यासारखे लेख लिहितात. पायाने चालणाऱ्याची वाट जाते तेव्हा आवाज होत नाही. तो वळसा घालतो. आपण त्याला समजूतदारपणा म्हणतो.

आणि म्हणून शेजाऱ्याला मी आता वेगळ्या नजरेने बघतो असं लिहिलं, तर ते ढोंग ठरेल. मी त्याला त्याच नजरेने बघतो. तो लबाड आहे. त्याचा ओटा वाटेत आहे, पन्हळ माझ्या भिंतीवर आहे, आणि फाटक माझ्या आईच्या काठीला लागतं. माझी लबाडी सापडली म्हणून त्याची धुतली जात नाही. दोन चोर एकमेकांना ओळखतात, पण त्याने चोरीचा माल परत जात नाही.

मी काय केलं ते सांगतो, हवं तर तुम्हीही करा. गाडी काढता का, हे विचारणं बंद केलं. आता मी विचारत नाही, सांगतो. वाटेच्या तोंडाशी उभा राहतो आणि म्हणतो, "वाट मोकळी करा." पहिल्या दिवशी त्याच्या बायकोने आमच्या सुनेला विचारलं, काकांची तब्येत बरी आहे ना? गाडी, फाटक आणि पन्हळ यांबद्दल वकिलाकडून लेखी कळवलं, रजिस्टर्ड पोस्टाने, पोच घेऊन, तारखेसह. फाटक आणि गाडीचा अडथळा अजून वर्षाच्या आतला आहे असं दाखवता येईल का, हे वकील बघताहेत. गाडी जुनी आहे, पण गेल्या दिवाळीला ती बदलून मोठी आली, त्याचा काही उपयोग होतो का तेही बघताहेत. ओट्याचं काय, विचारल्यावर त्यांनी चष्मा पुसला. तो बहुधा माझ्या मौनातच गेला. भिंतीचे नऊ इंच मी गेल्या महिन्यात तोडले. तोडताना शेजाऱ्याने गच्चीवरून विचारलं, "काय काका, वास्तुदोष?"

तुमच्या वाटेत उद्या कोणी पहिला दगड ठेवला, तर त्याच दिवशी लिहून द्या. गोड भाषेत द्या हवं तर, पण लिहून द्या आणि त्यावर तारीख घाला. आणि जिथे हक्काने जाता, तिथे "जाऊ का?" असं म्हणू नका. चांगुलपणा करायला बाकी खूप जागा आहेत.

परसातली जाळी अजून तशीच आहे. काढायची आहे. सायकलींचं काय करायचं ते एकदा ठरलं की काढतो. परवा पाड्यावरची एक बाई जाळीपाशी उभी राहून आत बघत होती. शेवग्याकडे बघत असेल. मी पुढे झालो, तर ती काही न विचारता पुलाकडे निघून गेली.